थोरलीचं माप

चौथ्यांदा मोजलं, तरी आकडा तोच. तेवीस मीटर चौऱ्याऐंशी.

मोजणीवालीनं टेप दाणकन खाली आपटला. समोर थोरली उभी होती, जगातल्या सर्वांत मोठ्या जिवंत झाडांच्या यादीतलं झाड. खालून पाहिलं तर शेंडा दिसत नाही, नि बुंध्याला एक फेरी घालेपर्यंत बोलणारा माणूस बोलायचं काय ते विसरतो. वीस वर्षांपूर्वी याच झाडाचा घेर चोवीस मीटर एकतीस भरला होता. मोजला होता तिच्याच बाबांनी. त्यांच्यानंतर आजवर कुणी टेप लावला नव्हता.

तिनं कचेरीत फोन लावला. नोंदणीवाला कारकून चहा पिता पिताच बोलला.

"मॅडम, संगणक घेत नाही. आधीपेक्षा कमी आकडा टाकला की लाल होतो."

"मी चार वेळा मोजलंय!"

"अहो, झाड म्हणजे काय लोकरीचा स्वेटर आहे, धुतला की आटायला? पाचपर्यंत नीट आकडा द्या. नाहीतर नाव यादीतून जाईल, नि नाव गेलं की कुंपणही जाईल."

कुंपण जाणार, म्हणजे माणसं येणार. फोटोसाठी मुळांवर चढणार, नाचणार, माती तुडवून दगड करणार. तिला ते डोळ्यांसमोर दिसलं. तीन वाजून गेले होते.

कुंपणाच्या फाटकाशी, घडीच्या स्टुलावर, दुखरा गुडघा चोळत बाबा बसले होते. हट्टानं आले होते. "थोरलीला भेटायचंय" म्हणून.

"बाबा, खरं सांगा. तेव्हा आकडा फुगवला होतात?"

बाबांचा हात गुडघ्यावरच थांबला.

"बत्तीस वर्षं मोजली मी झाडं. बोटभर चूक काढून दाखव."

"मग मधलं अर्धा मीटर झाड काय उंदरांनी नेलं?"

"तूच बघ. पुस्तक वाचून शिकलीस ना तू!"

"वाचलंय! जमिनीपासून छातीच्या उंचीवर खूण, टोक खिळ्यानं सालीत अडकवायचं, टेप आडवा ठेवून फेरी. सगळं केलं. अजून काय करू, झाडाला छाती फुगवायला सांगू?"

बाबा रुसले. तोंड फिरवून झाडाकडे बघत, स्वतःशीच गुणगुणू लागले. तिला पाळण्यापासून पाठ असलेलं तेच ते.

*थोरली माझी बाई, रुतली पाचोळ्यात घोट्यावर,*
*आधी दिसू दे पाऊल, मग दोर घालू पोटावर.*

"पुरे हो बाबा! इथे माझा जीव चाललाय, नि तुमचं पाऊल नि पोट..."

ती अर्ध्यातच थांबली. पायांकडे पाहिलं. बूट मऊ गादीत रुतले होते. वीस वर्षं कुंपणाआत कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. झडलेली पानं, सालीचे तुकडे, शंकूंचा चुरा, सगळं जिथल्या तिथे साचत गेलं होतं. तिनं गुडघे टेकून हात खुपसला. कोपरापर्यंत गेला, तेव्हा कुठे बोटांना गार माती लागली. ती जिला जमीन समजत होती, ती जमीन नव्हतीच. खूण हातभर वर चढली होती, नि बुंधा वर जाईल तसा निमुळता.

"बाबा, तुम्ही पाचोळा सारून मोजायचात?"

"मग? तू सारला नाहीस?" बाबा खरंच चकित झाले. "न सारता कुणी मोजतं का?"

"तुम्ही सांगितलंत कधी?"

"रोज गात होतो की!"

तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायला वेळ नव्हता. दोन्ही हातांनी ती उपसत सुटली. नखं तुटली, नाकातोंडात भुसा गेला. बाबाही लंगडत फाटकातून आत आले, नि बसल्या बसल्या सरकत दुसऱ्या बाजूनं सारू लागले. झाड एवढं मोठं, की बराच वेळ दोघांना एकमेकांचा फक्त खोकला ऐकू येत होता.

पावणेपाचला फेरी पुरी झाली. चोवीस मीटर बावन्न.

"एकवीस सेंटीमीटर वाढलं," कारकून फोनवर म्हणाला. "हं, हिरवं झालं. घेतलं बघा."

ती मटकन मातीतच बसली. मग आठवलं. "आणि शेरा लिहा, पाचोळा सारून मोजले. पुढच्याची फसगत नको."

"शेऱ्याला रकानाच नाही, मॅडम." फोन बंद.

तिनं मातकट हातांनी कपाळ धरलं. बाबा केसांतला भुसा झटकत म्हणाले, "रकाना नव्हता म्हणून तर गात होतो."

"मग जरा समजावून गायचं होतं," ती फणकारली, नि त्यांना उठवायला हात पुढे केला.