ढेरपोट्या आणि विहिरीतली रेघ

बाबा भोपळ्याशी जितकं गोड बोलत, तितकं गोड ते आईंशी उभ्या जन्मात बोलले नव्हते. सकाळी नळी वेलीच्या मुळाशी सोडायची, भोपळ्याच्या पोटावरून हात फिरवायचा आणि गुणगुणायचं:

वाढ रे ढेरपोट्या, वेलीच्या मांडीवर,
शेजारी बसू दे हात लावून कपाळावर.

वजनदार भोपळ्याच्या स्पर्धेत शेजारी अकरा वर्षं पहिला येत होता आणि बाबा अकरा वर्षं दुसरे. स्पर्धेत दोघंच असतात, हे बाबा कुणाला सांगत नसत. यंदाची स्पर्धा महिन्यावर आली होती आणि ढेरपोट्या रोज बारा बादल्या पीत होता.

पाणी विहिरीचं, आणि विहीर आईंच्या हुकमातली. पाऊस पूर्वी महिनाभर मुक्कामाला असायचा. हल्ली दारातूनच आरडाओरडा करून निघून जातो. माती घोट घ्यायला तोंड उघडते, तोवर पाणी गावाबाहेर. मागून ऊन येतं ते हलायचं नाव घेत नाही. म्हणून आईंनी विहिरीच्या आतल्या भिंतीवर, शिडीच्या बाराव्या पायरीशी, पांढरी रेघ मारून घेतली होती. पाणी रेघेखाली गेलं की बागेचा पंप बंद; उरलेलं फक्त घराला आणि गाईला. दर सोमवारी सुनेनं काठावरून वाकून बघायचं आणि सांगायचं.

पहिल्या सोमवारी सून म्हणाली, "रेघेला टेकलंय, आई."

दुसऱ्या सोमवारी, "टेकलंय."

तिसऱ्या सोमवारी, "अजून टेकलेलंच!"

"बघा," बाबा म्हणाले, "विहिरीलासुद्धा माणसाचं मन कळतं."

अडचण एवढीच, की घरच्या पाण्याची बादली खाली पोचेना. सुनेनं दोराला आधी सुतळी जोडली, मग जुनी ओढणी, मग नवऱ्याचा पट्टा.

"पाणी जागेवर आहे, म्हणजे दोर आखडलाय," नवरा एका हातानं पँट सावरत म्हणाला. तो घरोघरी वायरिंग करायचा, त्यामुळे लांब आणि बारीक अशा कुठल्याही वस्तूबद्दल त्याला मत होतं. "उन्हानं आखडतो. ओला करून ताणायला हवा."

मग अंगणात दोर ताणला. एका टोकाला गाय, दुसऱ्या टोकाला नवरा. गाय माशी हाकलायला वळली आणि नवरा थेट गोठ्यात पोचला.

"वाढला का रे दोर?" आईंनी विचारलं.

"मी वाढलो," आतून आवाज आला.

सून हसून हसून वाकली. सरळ होताना तिची नजर बाबांच्या मिशीवर गेली. मिशी पांढरी होतीच, पण उजवीकडे जरा जास्तच पांढरी. आणि कडक.

तिनं बाह्या वर सारल्या आणि मोजत मोजत ती शिडी उतरली. खालून घुमत आवाज आला, "सतरा... अठरा... एकोणीस! आई, रेघ एकोणिसाव्या पायरीशी आहे! बाराव्याशी नुसता चिखल थापलाय!"

आईंनी बाबांकडे पाहिलं. "अहो?"

"मी काही खोटं केलं नाही," बाबा मिशी चाचपत म्हणाले. "पाणी बिचारं एकटंच खाली चाललं होतं. मी रेघेला सोबतीला धाडलं."

"आई, दहाव्याशी पण चिखल आहे! जुना, वाळलेला!"

आता आई आभाळाकडे बघू लागल्या. "ते गेल्या वर्षीचं," त्या पुटपुटल्या. "माझे गुलाब सुकत होते."

बाबांना हसायची केवढी संधी होती! पण ते काठावर वाकून नुसते बघत राहिले. पाणी फार दूर, बशीएवढं दिसत होतं.

"तीन आठवड्यांत सात पायऱ्या," ते हळूच म्हणाले, आणि सुरा आणायला गेले.

ढेरपोट्या चिरला तेव्हा टपटप रस गळला. "सगळी विहीर ह्याच्याच पोटात," बाबा म्हणाले. "पिळून परत ओतता येईल का गं?"

पिळता आला नाही. अर्धा घरात गेला, अर्धा गाईनं डोळे मिटून खाल्ला, आणि संध्याकाळी बादलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाबा स्वतः उतरले, चिखल खरवडला आणि रेघ पुन्हा दहाव्या पायरीशी मारली. आता ती उंच लोंबत होती. कोरडी, आणि खरी. आईंनी पंपाची किल्ली कमरेला लावली.

इतक्यात कुंपणापलीकडून शेजारी आला. हातात रिकामा डबा, आणि डाव्या भुवईवर एक पांढरा ठिपका.

"जरासा पांढरा रंग मिळेल का हो?" तो म्हणाला. "आमचा संपला. बारीकसं काम आहे, विहिरीत."

बाबांनी त्याच्या भुवईकडे पाहिलं आणि आपली मिशी पुसली.

"कितव्या पायरीवर?"

शेजाऱ्यानं मान खाली घातली. "तेविसाव्या."

"म्हणजे इथंही तूच पहिला," बाबा म्हणाले आणि सरकून त्याला ओट्यावर जागा दिली. "बस. भोपळा खाऊन जा. मग तुझा आणू, सुरा माझ्याकडे आहे."