सरसाची रेघ

कवटीशेजारचा पेला एवांथियानं ब्रशनं साफ केला आणि तिचा हात थांबला. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पेल्यावर सरसाची पिवळी रेघ होती, आणि ती तिच्याच हातची होती. लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं तो जोडला होता, एक तुकडा वाकडा बसवून. भाऊ मानुसोसनं त्यावरून तिला वर्षभर चिडवलं होतं.

गुडघे छातीशी दुमडून कुशीवर निजवलेला सांगाडा. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या या डोंगरातले प्राचीन लोक आपली माणसं अशीच पुरत. हाडं जरा जास्तच चांगली टिकलीत, एवढंच तिला सकाळपासून मापं घेताना वाटलं होतं.

थडग्याच्या दाराशी तिचा बाप योसिफ बसला होता. हे थडगं रिकामं आहे, उघडू नको, असं तो आठवडाभर सांगत होता. उत्खननात केस पांढरे झालेला माणूस. घरात तो म्हणेल ती पूर्व दिशा. आज पहिल्यांदाच तिनं त्याचं ऐकलं नव्हतं.

महायुद्धात जर्मन बेटावर होते तेव्हा मानुसोस त्यांच्या एका अधिकाऱ्याला थडग्यांतलं सोनं दाखवायला डोंगरात नेई. मग एक दिवस तो नाहीसा झाला. सोनं घेऊन पळाला, असं गाव ठरवून मोकळं झालं. लढाई संपली तरी एवांथियाला पाहून बायका रस्त्यात थुंकत. भाऊ खरंच फितूर होता का, हे कळल्याशिवाय तिला जगणं नको झालं होतं. म्हणून त्यानं दाखवलेली थडगी ती एकेक करून उघडत होती, आणि सगळी बापानं लढाईआधीच खणून रिकामी केलेली निघत होती.

"बाबा, हा आपला मानू ना?"

योसिफनं मान डोलावली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भरलेली थडगी वाचावीत म्हणून अधिकाऱ्याला रिकाम्या थडग्यांवर झुलवायची युक्ती बापाचीच. गावच्या बंडखोरांना दिसलं ते एवढंच, की पोरगा जर्मनांबरोबर हिंडतो. त्यांनी त्याला ओढ्याकाठी गोळी घातली. ताजी कबर दिसली असती तर आपल्या वाटाड्याला मारलं म्हणून जर्मनांनी सगळं गाव जाळलं असतं. म्हणून बापानं पोराला प्राचीन माणूस करून पुरलं.

"आणि लढाई संपल्यावर?"

"मारणारे इथलेच आहेत गं. त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? आधी त्यांच्याशी एका शब्दानं बोललो असतो तर तो जगला असता. पण भरलेल्या थडग्यांची बातमी फुटेल, याची मला भीती वाटली."

"मडक्यांसाठी," ती म्हणाली. तिला बापाचा इतका राग कधीच आला नव्हता.

पुरलेल्याची हाडं काही वर्षांनी वर काढून घरच्या आणि गावच्या बायकांनी वाइननं धुवायची, ही तिथली रीत. चर्चच्या अंगणात एवांथियानं चादर अंथरली, पण फितुराची हाडं धुवायला कोण येणार? समोरची दारं लोटलेलीच राहिली.

"आत्ता जा आणि कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर सांगा," ती बापाला म्हणाली. "नाहीतर तुमची हाडं धुवायला मी यायची नाही."

तो गेला. समोरच्या त्या दुकानात त्यानं टोपी काढली. "मानुसोसला मी पाठवलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही," हे त्याचे शब्द अंगणापर्यंत ऐकू आले.

बऱ्याच वेळानं एक दार उघडलं. म्हातारी फोतिनी आली, चादरीशी बसली आणि कवटी मांडीवर घेऊन लेकराशी बोलावं तसं तिच्याशी बोलू लागली. परत आलेल्या योसिफनं ते पाहिलं आणि झटकन तोंड फिरवलं. फोतिनीचा मुलगा बंडखोरांत होता. मानूला मारणाऱ्यांत तोही होता, हे एवांथियाला न विचारताच कळलं. म्हातारीला काहीच ठाऊक नव्हतं.

फोतिनीनं हात पुढे केला. एवांथियानं तिच्या हातात वाइनचा तांब्या दिला.