झावळीची खूण

खडकांमधून गावात यायला एकच वाट होती. तिच्या तोंडाशी समुद्रात एक बांबू रोवलेला, शेंड्याला नारळाची झावळी. येताना झावळी डाव्या हाताला ठेवली की होडी सुखरूप. तीस वर्षं ही खूण म्हातारा ला सुदी – बेटावर पुरुषाच्या नावाआधी ला लावत, बाईच्या नावाआधी वा – राखत आला होता. कलली की बुडी मारून सरळ करायची, झावळी सुकली की बदलायची.

त्या बांबूला लागूनच, डावीकडच्या उथळ खडकावर, वा मुर्नीची विकायच्या समुद्री शेवाळाची शेती. पाण्याखाली दोर ताणायचे, त्यांना शेवाळाची रोपं बांधायची. सोमवारी तिच्या एका दोराचा नांगराचा दगड सुटला. दुसरा दगड आणेपर्यंत म्हणून तिने दोराचं टोक खुणेच्या बांबूला बांधलं. एका दिवसापुरतं. खुणेला काही बांधू नये हे गावात पोराटोरांनाही ठाऊक, आणि एका दिवसापुरतं बांधलेलं कुणी नाही असंही नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. वर उधाणाची भरती. शेवाळ जड होत गेलं आणि त्या ओढीने बांबू सरकत सरकत पुरता खडकावर आला. गुरुवारी सकाळी ला हाबाची होडी बाजाराहून आली, नेहमीसारखी झावळी डावीकडे ठेवून, आणि खडकावर फुटली.

मुर्नी तिथेच, आपल्या छोट्या होडीत होती. माणसं पाण्यात, हाबाची सासू गटांगळ्या खात होती. आणि मुर्नीने आधी कोयता काढून बांबूला बांधलेला आपला दोर कापला. मग हात दिला.

जीव कुणाचा गेला नाही. सासूचा हात तेवढा मोडला.

दुपारी सगळे मशिदीच्या पायऱ्यांशी जमले.

"काका, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि हातात आमचा जीव!" हाबा ओरडला.

"यापुढे कोंबडीच्या खुराड्यावर लावा म्हणावं झावळी," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसली.

ला सुदी खाली बघत होता. "रोवली तेव्हा जागेवर होती, असं मला वाटतं. पण आता माझ्या वाटण्याला काय अर्थ, बाबा?"

शेजारीण वा इरा मुर्नीच्या कानाशी लागली. "तोंड किती सुकलंय गं तुझं! आज गुरुवार, तुझा रोजा ना? घरी जाऊन पड जरा. तुझ्यासारख्या बाया गावात आहेत म्हणून आज कुणी मेलं नाही."

सोमवार-गुरुवारचा रोजा मुर्नीने अकरा वर्षांत चुकवला नव्हता. पाण्याचा थेंब ओठांवर येऊ दिला नव्हता, आणि आत हे एवढं खुशाल गिळून बसली होती. तिला वाटलं, पायरी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"काका, उद्यापासून तुम्ही खुणेला हात लावायचा नाही," गावप्रमुख म्हणाले.

सुदीने गळ्यातला लाकडी चष्मा काढला, बुडी मारताना लावायचा, त्याच्या बापाने कोरलेला. हळूच पायरीवर ठेवला.

"काका, तो उचला," मुर्नी म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "उचला तो. दोर माझा होता."

सगळं सांगितलं तिने. दोर कापल्याचंही.

हाबा तिच्याकडे बघत राहिला. "माझी सासू बुडत होती, आणि तू दोर कापत होतीस?"

"हो."

वा इराने आपला खांदा तिच्या खांद्यापासून हळूच काढून घेतला.

सुदीने चष्मा उचलला. "बांधलास, ते बांधलास. कापलास कशाला, पोरी? तो दोर बघितला असता तर मला कळलं असतं. सकाळपासून मी माझ्याच डोळ्यांना शिव्या देतोय."



नवा बांबू रोवायला उद्याची ओहोटी हवी होती. खूण ढळली की ती पुन्हा उभी राहीपर्यंत कुणीतरी त्या जागी होडीत झावळी धरून उभं राहायचं, ही गावची रीत. एरवी तरुण पोरं पाळीपाळीने राहत. मुर्नी उठली, एक झावळी तोडून आणली. कुणी नको म्हणालं नाही.

सुदीने स्वतः तिची होडी दोन्ही बाजूंनी नांगरून दिली. "इथे. वीतभरही हलू नकोस."

बाहेर गेलेल्या होड्या एकेक करून परतल्या. कुणी हाक मारली नाही. खांदे भरून आले, मागे सूर्य बुडाला, मशिदीतून बांग ऐकू आली. पदराच्या गाठीला रोजा सोडायचा खजूर होता. पण झावळी दोन्ही हातांनी धरलेली, आणि एक होडी अजून यायची होती. सासूला पलीकडच्या बेटावर हाडवैद्याकडे घेऊन गेलेला हाबा, भावाच्या होडीतून.

ती आली. मुर्नीने झावळी आणखी उंच धरली, चेहरा झाकला जाणार नाही अशी. हाबाने तिच्याकडे पाहिलं नाही. झावळीकडे पाहिलं, सुकाणू जरासं वळवलं, आणि तिला डाव्या हाताला ठेवून तो आत गेला.

मग तिने गाठ सोडली.