ताटातलं नाव

गुणाबाईनं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून नागोजीच्या टेबलावर ठेवले. नागोजी बेळगावात कचेरीसमोर बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून देई. त्यानं आधी तिच्या सुनेचा पासपोर्ट पाहिला, मग लग्नाचा दाखला, आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पासपोर्टात स्वरूपा, दाखल्यात नीलम. सून एक का दोन, आक्का?"

"एकच की. लग्नात नाव बदललं."

बदललं होतं गुणाबाईनंच. वडगावच्या घरी लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढ्यात आलं, तेव्हा तिच्या मुलानं, विक्रमनं, अंगठी हातात धरून आईकडं पाहिलं आणि ती बोलली ते नाव तांदळात लिहिलं. पुढं नोंदणीच्या अर्जातही तिनं हौसेनं तेच घालायला लावलं. आता विक्रम जर्मनीत, त्याचं तिथं राहायचं कार्ड हातात, आणि बायकोच्या व्हिसासाठी बंगळूरची तारीख सोमवारची. ती हुकली तर पुढची कधी, देव जाणे. पोरगी बॅग भरून बसली होती आणि घोळ सासूनं घातला होता.

नागोजीनं टाईप करता करता वाचून दाखवलं, "दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. नीलम नावाची दुसरी कोणीही व्यक्ती आमच्या घरात नाही."

मग पत्ता उतरून घ्यायला त्यानं रेशनकार्ड उघडलं आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"ही नीलम कोण मग? कार्ड धा वर्सांमागचं हाय. सून तर यंदा आली न्हवं?"

सासूमागं उभ्या स्वरूपानं वाकून पाहिलं. भिंतीवरच्या फोटोतल्या नणंदेला ती रोज फूल वाहायची. पण घरात सगळे तिला बाळीच म्हणत. खरं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"लेक माझी," गुणाबाई म्हणाली.

"कुठं दिली?"

"डेंगूत गेली. नऊ वर्सं झाली."

नागोजीनं चष्मा खाली घेतला.

"नाव कमी करायला पायजे हुतं, आक्का. व्हिसावाले विचारत्यात. अर्ज मी लिवतो, पर मरणदाखला लागंल."

गुणाबाईनं त्याच पिशवीच्या तळातून दाखला काढला. घडीवर तो फाटायला आला होता. नऊ वर्षांत रेशनच्या कचेरीत ती कितीदा तरी गेली, दरवेळी दाखला बरोबर नेला आणि तसाच परत आणला. आज तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. एकाच जागी बसून पाय बधिर व्हावा, तसं आत सगळं बधिर झालं होतं.

"पुन्यांदा वाचून दाखवू?"

"नको."

तिनं प्रतिज्ञापत्रावर आणि नाव कमी करायच्या अर्जावर सह्या केल्या. सावकाश, एकेक अक्षर जोडत.

बाहेर रस्त्याकडेला स्वरूपा कागद छातीशी धरून उभी राहिली.

"आई, घरात तुम्ही नीलमच म्हणा. मला चालतंय."

गुणाबाईनं पिशवीचं तोंड बांधलं. समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली तशी सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं सरकवलं.

"चल स्वरूपा," ती म्हणाली, "पासपोर्ट घेतलास न्हवं?"