बिबियानाने पाळलेलं डुक्कर

बूगनव्हिल बेटाच्या डोंगरातून खाली येणारी ती नदी म्हणजे गुडघाभर पाणी. पण लढाई पेटल्यापासून कुणी ती ओलांडली नव्हती. पलीकडे डोंगरातले बंडखोर होते आणि अलीकडे मिशनच्या आवारातल्या छावणीत कोंबलेली किनाऱ्यावरची माणसं. त्यांचे रताळ्यांचे मळे मात्र पलीकडे राहिले होते, आणि छावणीत पोरं तापाने नि उपासाने मरत होती. युद्धबंदीवर सह्या झाल्या, पिवळ्या सदऱ्यांतली परदेशी माणसं बंदुकांशिवाय देखरेखीला आली, तरी वाट उघडेना. घोडं अडलं होतं ते ऑगस्टापाशी.

तिच्या मुलाला, सिल्व्हेस्टरला, मळ्याच्या वाटेवर गोळी घातली ती बंडखोरांतल्या दामियनने, हे दोन्ही काठांना ठाऊक होतं. आणि नदीकाठची जमीन ऑगस्टाच्या कुळाची. आमच्याकडे जमीन आईकडून मुलीकडे जाते, तेव्हा वाट उघडायची की नाही हे ठरवणार ऑगस्टाच. राग पोटात राहतो. म्हणून मारणाऱ्याच्या घराने डुक्कर द्यायचं, दोन्हीकडच्यांनी ते मिळून खायचं, आणि त्यानंतर त्या खुनाबद्दल कुणी ब्र काढायचा नाही, मेलेल्याच्या आईनेसुद्धा नाही. याला पोट थंड करणं म्हणतात.

ऑगस्टाचा थोरला भाऊ तावोरा छावणीचा मुखिया. त्याला घाई झाली होती. लढाईत दोन्हीकडची डुकरं खाऊन संपलेली, म्हणून त्याने आणि डोंगरातल्या म्हाताऱ्यांनी मिळून शहरातून एक विकतचं डुक्कर मागवलं. पिवळ्या सदऱ्यांनी बिचाऱ्यांनी ते हेलिकॉप्टरमधून आणून दिलं. नदीच्या वाळूत सगळे जमले होते. जाळ्यातून सोडल्यावर ते डुक्कर जे किंचाळत सुटलं ते कुणाच्याच हाती लागेना. चार तगड्या बंडखोरांना त्याने लोळवलं. लोक बऱ्याच दिवसांनी हसले.

ऑगस्टा हसली नाही. याला वाढवलं कुणी, असं तिने विचारलं.

"डुक्कर ते डुक्कर," तावोरा म्हणाला. "आता नाक मुरडू नकोस, बाई."

"दादा, हे कुणाच्या हाताला ओळखतं तरी का? माझ्या तोंडाला पानं पुसू नका."

तिचं बरोबर होतं. डुक्कर बाईने हाताने भरवून वाढवलेलं लागतं. देताना देणारीच्या पोटात कालवलं, तरच घेणारीचं थंड होतं. हे तावोरालाही लहानपणापासून माहीत होतं, पण घाईत माणूस सोयीचं तेवढं विसरतो.

पलीकडच्या काठावर पोरांनी खाली ठेवलेल्या बंदुका उचलल्या. दामियनची आई बिबियाना मान खाली घालून वाळूत बसली होती. ती म्हणाली, "बाई, माझ्याकडे कोंबडीसुद्धा उरली नाही. काय देऊ?"

ऑगस्टा उठून छावणीत गेली. सगळं फिसकटलं असंच लोकांना वाटलं. मिशनच्या लाकडांच्या कोठीत तिने एक डुकरीण लपवून ठेवली होती, आपल्या वाट्याच्या भातातला घास देऊन जगवलेली, सिल्व्हेस्टरच्या नावाने जेवण घालायचं म्हणून. एका रानडुकरापासून ती नुकतीच व्याली होती. ऑगस्टा परत आली ती काखेत पिल्लू घेऊन. ते तिने बिबियानाच्या मांडीवर ठेवलं.

"हे वाढव, तुझ्या हाताने. तुझ्या हाकेला धावत यायला लागलं की घेऊन ये."

"आणि तोवर वाट?" दामियनने विचारलं.

ऑगस्टाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती बिबियानाला म्हणाली, "माझं पिल्लू तुम्ही उपाशी मारताय का, ते बघायला मी येणारच. वाट बंद ठेवून येऊ कशी?"

ती नदी ओलांडून गेली, आणि तिच्या मागून टोपल्या घेऊन छावणी गेली. पिल्लाला काही झालं तर नदी पुन्हा बंद, हे बंदूकवाल्यांनाही कळत होतं. दामियन डोळ्यांत तेल घालून त्याला जपू लागला. सोबती त्याला चिडवायचे, "काय सेनापती, राजपुत्राची आंघोळ झाली का?" तो रताळी उकडत राहायचा. ऑगस्टा यायची, पिल्लाच्या बरगड्या चाचपून नावं ठेवायची, मग बिबियानाशेजारी बसून सुपारी चघळायची. दामियनशी एक शब्द नाही.

वर्षाने ते धूड नदीतून चालत आलं, दोरीशिवाय, बिबियानाच्या हाकेमागे. डुक्कर भाजायच्या खड्ड्यात दगड तापले होते. बिबियानाचे डोळे सुजले होते. रात्रभर ती त्याला कुरवाळत बसली होती. सगळं रीतीला धरून होतं. ऑगस्टा आपलं पोट थंड व्हायची वाट बघत उभी राहिली. ते झालं नाही. हे डुक्कर खाल्लं की सिल्व्हेस्टर कसा मेला हे आपल्याला कधीच विचारता येणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिला त्याची भीती वाटली.

तिने डुकराच्या कुशीत हात घातला. बोटं चरबीत रुतली.

"बारीक आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आणा."

"अगं, त्याला धड चालवत नाहीये!" तावोरा म्हणाला.

"मला दिसतं ते मी सांगते."

पिवळ्या सदऱ्यातल्या एकाने दुभाष्याला विचारलं, म्हणजे समेट मोडला का? बिबियाना मात्र डुकराला हाक मारून केव्हाच परत फिरली होती, पुन्हा कुणाचं मन बदलायच्या आत. लोकांनी गरम दगडांवर नुसती रताळी भाजून खाल्ली आणि टोपल्या उचलून ते मळ्यांकडे निघाले.

ऑगस्टा सगळ्यांत मागे राहिली. मळ्याच्या वाटेवर, जिथं सिल्व्हेस्टर पडला होता, तिथं दामियन बाजूला सरून तिला वाट देत उभा होता. ती त्याच्यासमोर थांबली.

"डुक्कर अजून जिवंत आहे," ती म्हणाली. "म्हणजे तुला बोलता येतं. शेवटी तो काय म्हणाला?"

दामियन खाली बसला. ऑगस्टाही टोपली उतरवून त्याच्यासमोर बसली.

"मावशी, त्याने पाणी मागितलं होतं," तो म्हणाला.