चढावरची भट्टी

अर्ध्या चढावर गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला तसा दादा म्हणाला, "थांबावं लागणार."

"वेडा आहेस का? तो मागे येतोय."

"येऊ दे. गिअरबॉक्स जळला तर कायमचंच थांबू."

दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर लोकांच्या गाड्यांचे गिअरबॉक्स खोलत आलेला माणूस, त्याच्याशी काय वाद घालायचा! त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मी खाली उतरून ट्रेलरच्या चाकांमागे दगड लावले. ट्रेलरवर माझी पावाची भट्टी होती. अख्खी लोखंडाची. ती एवढी लांब की ट्रेलरची मागची फळी काढून ठेवावी लागली होती. दादा निघतानाच म्हणाला होता, "भट्टी राहू दे, अंगावरच्या कपड्यांनी वर माझ्या घरी चल." मी म्हटलं, भट्टी नाही तर मी पण नाही. नवऱ्याने इतकी वर्षं मला बडवलं, पण त्याचं घर चाललं ते ह्या भट्टीवर. ती त्याला ठेवून जायची? माझं खेटर अडलंय!

"इंजिन बंद कर ना, गार होईल," मी म्हटलं.

"अजिबात नाही. न्यूट्रलला टाकून चालूच ठेवायचं. तेल फिरलं तर गार होतं, एका जागी बसलं तर करपतं." तो अॅक्सिलरेटरवर जरासा पाय ठेवून बसला. भर दुपार, वर ऊन आणि आम्ही दोघं त्या काट्याकडे बघतोय. तो मेला उतरेल तर शपथ!

काट्याच्या आधी मोटरसायकल आली.

नवऱ्याने ती आमच्या मागे रस्त्यातच आडवी टाकली. हातात चाकाचे नट खोलायचा पाना. मला वाटलं माझ्याकडे येईल, मी माझ्या बाजूचं दार आतून लॉक केलं. तो दादाकडे गेला. दार उघडून त्याने दादाला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि पाना हाणला. दादाने हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मला इंजिनच्या आवाजातही ऐकू आला. दुसरा फटका कानावर बसला, दादा गुडघ्यावर आला. मी पाण्याचं भरलेलं कॅन उचललं, उतरले आणि नवऱ्याच्या तोंडावर सगळ्या ताकदीने मारलं. त्याचं नाक फुटलं. रक्त बघून तो क्षणभर भांबावलाच, कारण आजवर रक्त माझंच यायचं.

तेवढ्यात मी दादाला मागच्या सीटवर लोटलं आणि स्टिअरिंगवर बसले. पावाची गाडी मी रोज चालवायचे, पण सपाट रस्त्यावर. मागे ट्रेलर, समोर हा असला चढ, आयुष्यात पहिल्यांदाच.

"खालच्या गिअरला टाक," मागून दादा कण्हत म्हणाला. "आणि दाबू नकोस. काहीही झालं तरी दाबू नकोस."

गाडी हलली. चालत्या माणसाच्या वेगाने. आणि नवरा खरंच शेजारून चालत आला. पहिल्या फटक्यात माझी काच गेली. दुसरा माझ्या खांद्यावर. "उतर! उतर म्हणतो ना!" पाय नुसता शिवशिवत होता, दाबावं आणि सुटावं. काटा लाल पट्टीच्या कडेला थरथरत होता.

"दादा, मारतोय रे तो!"

"दिसतंय मला. दाबू नको, बाई माझी."

नाही दाबलं. दात आवळून मार खाल्ला. मार खाण्यात मी तरबेज होतेच, पण ह्या वेळी गाडी पुढे जात होती.

मग तो मागे पडला. मला वाटलं दमला. आरशात बघते तर तो ट्रेलरवर चढलेला, भट्टीशी झटतोय. त्याला ती खाली लोटायची होती. त्याचा हात भट्टी आवळून बांधलेल्या मागच्या पट्ट्याच्या खटक्यावर गेला. ट्रेलर भरणारं कोणीही चढावर त्या पट्ट्याला हात लावत नाही, सगळं वजन त्याच्यावरच तोललेलं असतं. ह्याने जन्मात एक पिशवी चढवली असेल तर ना!

मी फुटक्या काचेतून डोकं काढून ओरडले, "अहो, पट्टा सोडू नका! अंगावर येईल!"

तो हसला. रक्ताळलेल्या तोंडाने. "आता कशी गयावया करतेस!"

आणि त्याने खटका सोडला.

आधी कळलं ते माझ्या पायाला. गाडी एकदम हलकी झाली. मग आवाज आला, मग त्याची किंकाळी.

मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, न्यूट्रलला टाकलं. इंजिन चालूच ठेवलं. आधी ट्रेलरच्या चाकांमागे दगड लावले, नाहीतर तोही त्याच्यावर गेला असता. मग धावले.

भट्टी रस्त्यावर कलंडली होती आणि तिच्याखाली त्याचे दोन्ही पाय मांडीपर्यंत. रक्त उतारावरून खाली चाललं होतं. "उचल," तो म्हणाला. "उचल ना गं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं.

दादा एका हाताने जॅक घेऊन आला. लावला मी, फिरवला मी. भट्टी टीचभर वर आली तसं त्याला काखेत धरून ओढून काढलं, ओढणी फाडून दोन्ही मांड्या करकचून बांधल्या. तो माझं मनगट सोडेना. वरून एक ट्रक येत होता, तो थांबला. ट्रकवाल्याने विचारलं, "कोण तुमचे?"

"नवरा," मी म्हटलं. "खालच्या दवाखान्यात न्या."

"तुम्ही नाही येत?"

मनगटावरची त्याची बोटं मी एकेक करून सोडवली. "माझ्या भावाचा हात मोडलाय. त्याला घेऊन मला वर जायचंय."

ट्रक गेला. मी गाडीत बसले. रिकामा ट्रेलर मागे खडखडत होता. आरशात भट्टी दिसत होती, दार उघडं पडलेलं, आतली काजळी उन्हात. मी रडले, तिच्यासाठी. खोटं कशाला बोलू?

"काटा उतरला बघ," दादा म्हणाला. "आता दाबलंस तरी चालेल."

मी पाय होता तसाच ठेवला.