फळ्यावरचा हल्लेखोर

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. माझी पाठ सुटली आहे आणि शेवटची काही पाने कुठे गळून पडली, ते मलाही सांगता येत नाही. मला सगळे येते असा लोकांचा समज आहे. माझा तसा नाही.

छापखान्यातून नवा निघालो तेव्हा मी ताठ उभा राहत असे. एका दैनिकाच्या कचेरीत, अनुवाद करणाऱ्या ताईंच्या टेबलावर मला जागा मिळाली. ठाऊक असलेला शब्दही त्या माझ्यात पाहत. "याला विचारल्याशिवाय ताईंचं पान हलत नाही," असे म्हणून सगळे हसत. पुढे शब्द फोनवर मिळू लागले आणि खिडकी आपटू नये म्हणून मला तिथे टेकवले गेले. खिडकीखाली, रस्त्याच्या कडेला कचेरीचा फळा होता. ताजी बातमी आधी त्यावर खडूने लिहीत, मग छापत.

एका दुपारी पोलिसांचे इंग्रजी पत्रक आले. शेजारच्या गल्लीत एका दुकानदाराला कुणीतरी मारहाण केली होती आणि कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यांना चौकशीला नेले होते. आमचे उपसंपादक घाईराव पत्रकावर नजर टाकून खाली गेले आणि फळ्यावर लिहून आले: 'हल्लेखोर सापडला! कोपऱ्यावरचा किल्लीवाला!'

ताईंनी मला उचलले, धूळ झटकली आणि पान काढले.

"घाईराव, इकडे या. पत्रकातला 'असेलंट', म्हणजे हल्लेखोर, हा शब्द मुळात लॅटिन. 'आद' म्हणजे कडे, 'सालिरे' म्हणजे उडी मारणे. जो अंगावर झेप घेतो, तो. किल्लीवाल्यांना झेप घेताना कुणी पाहिलं?"

"अहो ताई, पोलीस उगाच नेतील का?"

"पत्रकात तो शब्द पळून गेलेल्या माणसाला लावलाय. हे तर दुकानदाराला उचलायला धावले होते. वाचा की पुढची ओळ!"

घाईरावांचा चेहरा उतरला. ओले फडके घेऊन ते खाली धावले. मला खिडकीत ठेवून ताईही गेल्या. फळ्यासमोर किल्लीवाल्यांची बायको उभी होती.

"पुसतो हं वहिनी, लगेच पुसतो."

"पुसून काय होणार, भाऊ? वाचलं ते लोक घरी गेले. उद्या यांच्या हातात घराची किल्ली कोण देईल?"

ताईंनी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, 'चूक आमची. किल्लीवाले मदतीला धावले होते.' घाईरावांनी खिशातून स्वतःच्या घराची किल्ली काढून वहिनींपुढे धरली.

"ते आले की अशीच दुसरी करून ठेवायला सांगा. घाई नाही."

वहिनींनी ती घेतली, पण हसल्या नाहीत.

मित्रांनो, पहिलाच मजकूर वाचून किती जण निघून गेले, ते मला ठाऊक नाही. माझ्या पानांत ते सापडत नाही. म्हणून एवढेच मागतो, माझी पाने फाटली तरी चालतील, पण एखाद्या माणसाला शब्द लावण्याआधी ती उघडा.